क्लब बदलत खेळणाऱ्या फॉरवर्डसाठी: सही, नोंदणी आणि पहिले सहा आठवडे

उरुग्वेचा स्ट्रायकर सेबास्तियान अब्रेउ ३० हून अधिक क्लबांकडून खेळला. निकोला अनेल्का पॅरिस, लंडन, माद्रिद, इस्तंबूल, शांघाय करत २०१४ मध्ये मुंबई सिटीत आला. फॉरवर्डला इतरांपेक्षा जास्त फिरावे लागते, कारण गोल मोजता येतात. जानेवारीत गोल आटलेला क्लब सगळ्यात आधी फॉरवर्ड शोधतो, आणि सहा सामने कोरडा गेलेला फॉरवर्ड सगळ्यात आधी बाकावर बसतो. अशा कारकिर्दीतली वर्षे वाया जातात ती बहुतेक वेळा दोन क्लबांच्या मधल्या फटीत. तारीख चुकते, एखादे कलम न वाचताच सही होते, कागद उशिरा पोचतो. म्हणून इथे आधी कागद आणि मग मैदान.

खाली दिलेले नियम फिफाच्या खेळाडू-नोंदणी आणि ट्रान्सफरच्या नियमावलीतले आहेत. ती नियमावली बदलत असते. फ्रेंच खेळाडू लासाना दियाराच्या प्रकरणात ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाचा निकाल आल्यावर करार मोडल्याच्या भरपाईची कलमे नव्याने लिहिली गेली. त्यामुळे सही करण्याआधी चालू आवृत्ती उघडून बघा. दोन वर्षांपूर्वी मित्राला लागू पडलेला नियम तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

तारखा

कराराची शेवटची तारीख एका कागदावर लिहा. तिच्या सहा महिने आधीची तारीख तिच्या वर लिहा. त्या दिवसापासून तुम्ही दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार करू शकता. मात्र नव्या क्लबने बोलणी सुरू करण्याआधी सध्याच्या क्लबला लेखी कळवायला हवे, आणि त्या पत्राची प्रत तुमच्याकडे असलेली बरी. हा नियम दुसऱ्या देशात जाणाऱ्यांना सरळ लागू होतो. एकाच देशातल्या दोन क्लबांमध्ये त्या देशाच्या संघटनेचा नियम वेगळा असू शकतो. इंग्लंडमध्ये करार संपत आलेला खेळाडू जानेवारीत परदेशी क्लबशी करार करू शकतो, दुसऱ्या इंग्लिश क्लबशी नाही.

मग ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे नव्या खेळाडूंची नोंदणी करता येते त्या ठराविक काळाच्या, तारखा. तुमच्या देशाच्या आणि जिथून बोलावणे येऊ शकते अशा तीन-चार देशांच्या. त्या सारख्या नसतात. स्वीडन, नॉर्वेचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो, तर स्पेन, इटलीचा ऑगस्ट ते मे. एका देशाची विंडो बंद झाल्यावर दुसऱ्या देशाची उघडी असते, आणि फिरत्या फॉरवर्डला त्याचाच आधार असतो.

करार संपलेल्या खेळाडूला विंडो बंद झाल्यावरही नोंदणी मिळू शकते. अट एवढीच की करार विंडो बंद होण्याआधी संपलेला असावा. इथे मोठी चूक होते. क्लबशी समजुतीने करार मिटवायचा ठरतो, हिशेबावरून चार दिवस ओढाताण चालते आणि मुक्ततापत्रावर सही होते ती विंडो बंद झाल्यानंतर. ३० तारखेची सही आणि २ तारखेची सही यांत अर्ध्या हंगामाचा फरक पडतो. थोडे पैसे सोडावे लागले तरी तारीख सोडू नका.

दुसरा नियम तीन आणि दोनचा. एका हंगामात तुमची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. यात फ्रेंच खेळाडू हातेम बेन आर्फा अडकला. २०१४-१५ च्या हंगामात तो न्यूकॅसलच्या २१ वर्षांखालील संघातून एक सामना खेळला, मग लोनवर, म्हणजे ठराविक काळासाठी उसना, हल सिटीकडून खेळला आणि जानेवारी २०१५ मध्ये नीसला गेला. न्यूकॅसलच्या राखीव संघाचा तो सामनाही मोजला गेला, नीस तिसरा क्लब ठरला आणि उरलेला हंगाम त्याला खेळता आले नाही. पुढच्या हंगामात तो नीसकडूनच खेळला आणि लीगमध्ये १७ गोल केले. म्हणजे पायात खोट नव्हती, आड आला तो ऑगस्टमधला एक बिनमहत्त्वाचा वाटणारा सामना. क्लब सोडायचा विचार पक्का असेल तर हंगामाच्या सुरुवातीला ‘जरा फिटनेससाठी’ म्हणून राखीव संघाच्या अधिकृत सामन्यात उतरण्याआधी हा हिशेब करा. सरावसामना चालतो. दोन देशांचे हंगाम एकमेकांवर चढत असतील तर तिसऱ्या क्लबकडूनही खेळण्याची सवलत आहे. ती तुम्हाला लागू होते की नाही हे संघटनेकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

करार वाचताना

करार कमीत कमी चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, १८ वर्षांखालच्यांसाठी तीन वर्षांचा. ‘मेडिकल पास झाल्यास किंवा वर्क परमिट मिळाल्यास करार लागू होईल’ अशी अट फिफाच्या नियमांत बसत नाही. मेडिकल आधी करायचे आणि सही नंतर. सही झाल्यावर गुडघ्याचे जुने दुखणे पुढे करून क्लब हात झटकू लागला, तर नियम तुमच्या बाजूने आहे.

पगाराच्या कलमात चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: रक्कम करापूर्वीची की हातात पडणारी, कर कोण भरणार, चलन कोणते आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला. परक्या देशात ‘महिना दहा हजार’ ऐकून सही केलेल्या खेळाडूला करानंतर साडेसहा हजार मिळाले की त्याचा सगळा हंगाम कडवट होतो. घर, गाडी, विमानाची तिकिटे, कुटुंबाचा विमा ही तोंडी आश्वासने कराराच्या परिशिष्टात उतरवून घ्या. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कोणती भाषा ग्राह्य, ते कलम शोधा. बहुतेक वेळा ते शेवटच्या पानावर असते.

फॉरवर्डच्या करारातली खरी मेख बोनसमध्ये असते. ‘सामना खेळल्यास’ म्हणजे सुरुवातीच्या अकरात, की बदली म्हणून एक मिनिटही चालेल? गोलच्या बोनसमध्ये पेनल्टी धरली आहे का? कपचे सामने? दहा गोलांच्या टप्प्यावर एकरकमी बोनस असेल तर आठ गोलांवर काहीच नाही, असे तर नाही ना? शक्य तिथे टप्पे फोडून घ्या: पाचला थोडे, आठला आणखी, बाराला आणखी.

मुदतवाढीचे कलमही नीट बघा. ‘२५ सामने सुरुवातीपासून खेळल्यास करार एक वर्ष वाढेल’ हे वाचायला छान वाटते. पण एप्रिलमध्ये तुमचे २३ सामने झाले आणि क्लबला पुढच्या वर्षी तुमचा पगार नको असला, तर उरलेल्या सामन्यांत तुम्ही ७० व्या मिनिटाला मैदानात येता. कुणी वाईट बोलत नाही, फक्त तुमचे नाव अकरात नसते. त्यामुळे अशा कलमात सामन्यांऐवजी एकूण मिनिटांचा आकडा मागा, किंवा गोल आणि असिस्टची (गोलसाठी दिलेल्या पासची) बेरीज. दोन्ही मिळाले नाही तर आकडा खाली आणा.

संघ खालच्या श्रेणीत घसरला तर पगार किती कापला जाणार हे कलम बहुतेक वेळा असते. ते आहे म्हटल्यावर त्याच्या जोडीला ठराविक रकमेत बाहेर पडण्याची मुभाही हवी. कपात मान्य केली आणि दार बंद ठेवले, असा करार करू नका.

वय २३ च्या आत असेल तर आणखी एक कागद महत्त्वाचा: प्लेअर पासपोर्ट. वयाच्या बाराव्या वर्षापासून तुम्ही कोणकोणत्या क्लबांत नोंदलेले होता, याची ती अधिकृत यादी. या वयापर्यंत नव्या क्लबला जुन्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई द्यावी लागू शकते, तुम्ही फुकट येत असलात तरी. छोट्या क्लबला ती रक्कम कळली की तो शेवटच्या दिवशी मागे सरतो. जुना क्लब ती सोडायला तयार असेल तर तसे लेखी पत्र बोलणी सुरू होतानाच हातात ठेवा. ट्रान्सफरच्या रकमेतला ५ टक्के एकजूट निधी वेगळा. तो १२ ते २३ वयात ज्यांनी घडवले त्या क्लबांना मिळतो आणि तुमच्या खिशातून जात नाही. पण लहानपणीच्या क्लबचे नाव पासपोर्टात राहून गेले असेल तर दुरुस्त करून घ्या. ज्या मैदानावर खेळायला शिकलात तिथल्या पोरांच्या बुटांचे पैसे त्यातून येतात.

एजंटशी करार लेखीच हवा. फिफाच्या नियमानुसार तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि एजंटकडे परवाना लागतो. त्याची टक्केवारी मूळ पगारावर की बोनस धरून, ते विचारा.

लोनवर जाताना

परदेशातल्या क्लबकडे लोन कमीत कमी दोन विंडोंमधल्या अंतराइतके आणि जास्तीत जास्त एक वर्षाचे असते. लोनवर घेतलेला खेळाडू पुढे आणखी कुणाला लोनवर देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून एका क्लबला एका वेळी सहाच खेळाडू परदेशात लोनवर पाठवता येतात आणि सहाच आणता येतात; २१ वर्षांपर्यंतचे आणि क्लबने स्वतः घडवलेले, अशा दोन्ही अटी पुऱ्या करणारे खेळाडू यात धरले जात नाहीत. तुम्ही २५ वर्षांचे फॉरवर्ड असाल तर त्या सहांत तुम्हाला जागा उरली आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पगाराचा. दोन क्लब तो वाटून देणार असतील तर एकाने थकवल्यावर दुसरा जबाबदार आहे का, ते लिहून घ्या. परत बोलावण्याचे कलम कोणाच्या हातात आहे, तेही बघा.

विकत घेण्याचा ‘पर्याय’ आणि विकत घेण्याचे ‘बंधन’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पर्याय असेल तर मे महिन्यापर्यंत तुम्ही परीक्षेलाच बसलेले असता. आमच्या मते मूळ क्लबशी एकच वर्ष उरले असताना नुसत्या पर्यायावर लोनला जाणे फॉरवर्डला क्वचितच फायद्याचे ठरते. चांगले खेळलात तर भाव वाढतो आणि घेणारा घासाघीस करतो. वाईट खेळलात तर दोन्ही दारे बंद होतात.

शेवटचा दिवस

दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र लागते. ते जुन्या देशाची संघटना नव्या देशाच्या संघटनेला देते, विनामूल्य आणि विनाअट. सगळे काम फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन प्रणालीतून होते आणि दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती जुळावी लागते. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, कराराची तारीख, रक्कम यांपैकी एक जरी जुळले नाही तरी काम अडते. २०१७ च्या ऑगस्टअखेर पोर्तुगालच्या आद्रिएन सिल्वाची कागदपत्रे त्याला विकत घेणाऱ्या लेस्टरकडून १४ सेकंद उशिरा गेली आणि तो जानेवारीपर्यंत सामना खेळू शकला नाही.

हे टाळण्यासाठी एक फोल्डर कायम तयार ठेवा: पासपोर्टच्या सगळ्या पानांचे स्कॅन, आधीच्या करारांच्या सह्या केलेल्या प्रती, मुक्ततापत्र, प्लेअर पासपोर्ट, मागच्या तीन वर्षांचे एमआरआय अहवाल, लसीकरणाच्या नोंदी, विवाह आणि मुलांच्या जन्माचे दाखले. पासपोर्टची मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर नवा काढायला टाका. विंडोच्या आठवड्यात ते होत नाही.

आणि दोन्ही क्लबांची सहमती लेखी झाल्याशिवाय घरातून निघू नका. ३१ जानेवारी २०१३ ला वेस्ट ब्रॉमचा फॉरवर्ड पीटर ओडेमविंगी क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानापर्यंत गाडी घेऊन गेला. क्लबांचे जमलेलेच नव्हते. कॅमेऱ्यांसमोर गाडीत बसलेला तो सगळ्यांनी पाहिला आणि त्याला वेस्ट ब्रॉमकडे परतावे लागले. जो क्लब सोडायला तुम्ही उघडपणे निघालात, त्याच ड्रेसिंग रूममध्ये दुसऱ्या दिवशी जाणे फार कठीण असते.

पगार थकला तर

भावनेच्या भरात सराव बंद करू नका. सरावाला गेला नाहीत की करारभंग तुमच्या नावावर लागतो. रोज वेळेवर जा आणि हजेरीचा पुरावा ठेवा. दोन महिन्यांचे पगार थकले की क्लबला लेखी नोटीस द्या: थकलेली नेमकी रक्कम, कोणत्या महिन्यांची, आणि पूर्ण भरण्यासाठी १५ दिवसांची मुदत. ती ईमेलने आणि पोचपावती मिळेल अशा मार्गाने पाठवा. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर रास्त कारणाने करार संपवता येतो आणि उरलेल्या कराराची भरपाईही मागता येते. क्लबने अर्धे पैसे टाकून ‘बाकीचे बघू’ म्हटले तर नोटिशीची पूर्तता झाली असे समजू नका, पण त्या टप्प्यावर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊलही उचलू नका.

परदेशी खेळाडूचा वाद फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे जातो. खेळाडूला त्याचे शुल्क पडत नाही. दाव्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि क्लबच्या ‘पुढच्या महिन्यात नक्की’ यात ती हां हां म्हणता उलटते. देशातल्या खेळाडूंच्या संघटनेचे सभासदत्व घ्या, पहिल्याच महिन्यात.

पहिले सहा आठवडे

आता मैदान. नव्या क्लबात फॉरवर्डला मिळणारा वेळ फार थोडा असतो. बचावपटूची चाल आठ सामन्यांत बसली तरी चालते, पण फॉरवर्डने पाचव्या सामन्यापर्यंत गोल केला नाही की प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते.

पोचण्याआधीच संघाचे मागचे पाच सामने बघा आणि एकच गोष्ट टिपा: चेंडू बॉक्समध्ये कोण टाकतो आणि कधी टाकतो. प्रत्येक विंगर (कडेने चढणारा खेळाडू) आणि फुल-बॅकसाठी (कडेचा बचावपटू) तीन नोंदी पुरतात. चांगला पाय कोणता. क्रॉस पहिल्याच स्पर्शात टाकतो, की एकदा आत वळून. टाकण्याआधी मान वर करतो का. तिसरी नोंद सगळ्यांत मोलाची. मान वर करणाऱ्यासाठी तुम्ही धाव दाखवायची असते. मान खाली ठेवून टाकणाऱ्यासाठी त्याच्या नेहमीच्या जागी आधीच पोचायचे असते.

उदाहरणार्थ, उजवीकडून क्रॉस येतोय. तुम्ही दूरच्या सेंटर-बॅकच्या पाठीमागच्या खांद्याजवळ, त्याच्या नजरेच्या बाहेर. विंगर चेंडू पुढे ढकलतो आणि मान खाली घालतो. या क्षणी दोन पावले लांबच्या खांबाकडे. बचावपटू मान वळवून तुम्हाला शोधतो आणि त्याचे वजन टाचांवर जाते. विंगरचा टेकता पाय चेंडूशेजारी पडला की त्याच्या समोरून जवळच्या खांबाकडे, सिक्स-यार्ड बॉक्सच्या कोपऱ्याच्या रोखाने. पाय पडण्याआधी निघालात तर चेंडू तुमच्या मागे पडतो. चेंडू सुटल्यावर निघालात तर बचावपटू आधी पोचतो. प्रत्येक विंगरबरोबर सरावानंतर रोज १० ते १२ क्रॉस, आठवड्यातून तीनदा, एवढे पहिले दोन आठवडे केले की हा क्षण अंगवळणी पडतो. याहून जास्त केले तर जांघेचा स्नायू धरतो, आणि विंगरही वैतागतो.

संघाच्या भाषेतले दहा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा: मागे माणूस, वळ, एकटा आहेस, सोड, थांब, पुढे, उजवा, डावा, माझा, दाब. फॉरवर्ड पाठ गोलकडे करून चेंडू घेतो. ‘वळ’ आणि ‘मागे माणूस’ यांतला फरक न कळल्याने जेवढे चेंडू जातात तेवढे खराब स्पर्शानेही जात नाहीत. सहाय्यक प्रशिक्षकाकडून प्रेसिंगच्या, म्हणजे चेंडू असलेल्या विरोधकावर धावून दाब टाकण्याच्या, खुणा समजून घ्या: गोलकीपरकडे परत पास गेला की धावायचे, की फुल-बॅकने चेंडू उलट्या पायावर घेतला की? पहिली धाव तुमची असते. तुम्ही चुकीच्या खुणेवर धावलात की मागचे दहा जण उघडे पडतात, आणि प्रशिक्षकाला ते गोल हुकण्यापेक्षा जास्त खुपते.

पेनल्टी कोण घेतो, हे पहिल्या सामन्याआधी विचारा. मैदानावर चेंडू ओढून घेऊ नका. व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारण चारपैकी तीन पेनल्टी गोल होतात, त्यामुळे त्या यादीत दुसरा क्रमांक मिळाला तरी हंगामात एक-दोन गोल वाढतात.

शरीर

नोव्हेंबरमध्ये एक हंगाम संपवून जानेवारीत दुसऱ्या हंगामाच्या मध्यात उतरणे हा या कारकिर्दीतला सगळ्यात धोक्याचा टप्पा. मधल्या काळात आधी दोन आठवडे खरी विश्रांती घ्या आणि मग तीन आठवड्यांत धावण्याचा वेग वाढवत न्या. या काळात नुसते लांब पळणारा फॉरवर्ड पहिल्याच आठवड्यात मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावून बसतो, कारण पूर्ण वेगाची त्याची सवय सुटलेली असते. आठवड्यातून दोनदा चार ते सहा पूर्ण वेगाच्या धावा, दोन धावांमध्ये दोन-तीन मिनिटे थांबून, आणि जोडीला नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम (गुडघ्यांवर उभे राहून, घोटे धरवून, हळूहळू पुढे झुकण्याचा). नव्या क्लबच्या फिजिओला पहिल्याच भेटीत जुन्या दुखापती खऱ्या सांगा.

नव्या लीगमध्ये कृत्रिम गवत असेल तर नैसर्गिक गवताचे लांब स्टडचे बूट वापरू नका. ते रुततात, पाय वळत नाही आणि गुडघ्यावर पीळ येतो. आखूड आणि जास्त स्टड असलेले कृत्रिम गवताचे बूट घ्या आणि सामन्याआधी किमान चार सरावांत घाला.

डोपिंग चाचणीच्या नोंदणीकृत यादीत तुमचे नाव असेल तर नवा पत्ता त्याच दिवशी भरा. हॉटेलातून भाड्याच्या घरात गेलात तरी. १२ महिन्यांत तीनदा चाचणी चुकली किंवा माहिती भरायची राहिली, तर तो नियमभंग धरला जातो. एका देशात सर्दीसाठी सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशातल्या डॉक्टरने पाहिल्याशिवाय घेऊ नका.

नोंदी आणि निघताना

गोलांची बेरीज सगळ्यांकडे असते. तुम्ही मिनिटे ठेवा. पेनल्टी वगळून केलेले गोल भागिले एकूण मिनिटे, गुणिले ९०. ९०० मिनिटांत ४ गोल म्हणजे ०.४. बदली म्हणून आलेल्या फॉरवर्डचे काम या आकड्यातच दिसते, सामन्यांच्या संख्येत ते झाकले जाते. व्हिडिओ चार मिनिटांपेक्षा मोठा करू नका आणि त्यात फक्त गोल घालू नका. पाठीवर बचावपटू घेऊन टिकवलेले चेंडू, प्रेसिंग आणि चेंडूशिवायच्या धावाही हव्यात. क्लबचे विश्लेषक तेच शोधत असतात.

क्लब सोडताना चार कागद हातात आल्याशिवाय शहर सोडू नका: अंतिम हिशेबाची सही केलेली प्रत, मुक्ततापत्र, वैद्यकीय नोंदी आणि त्या वर्षी भरलेल्या कराचा दाखला. शेवटचा कागद दीड वर्षाने तिसऱ्याच देशात लागतो, आणि तोवर जुन्या क्लबच्या लेखा विभागातला तुम्हाला ओळखणारा माणूस बदललेला असतो.